लेखणी-शाईची सोयरीक

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात कृष्णामाईचे पाणी सांगलीत घरोघर शिरले, ते आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. माझ्या आत्याचे घरही त्या पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ उपसायला गेलो, तेव्हा माळ्याखालची एक पत्र्याची ट्रंक उघडली. तीत आत्याच्या सासऱ्यांच्या दोन वह्या होत्या. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. एका वहीत घरखर्चाचा हिशेब होता आणि दुसरीत त्यांनी आपल्या आईच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवल्या होत्या. दोन्ही वह्या सारख्याच भिजलेल्या, हातही एकाच माणसाचा. पण हिशेबाची वही वाचता येत होती. रॉकेल किती, गूळ किती, सगळे जागच्या जागी. ओव्यांच्या वहीत मात्र फिकट निळ्या डागांखेरीज काहीच उरले नव्हते.

असे का झाले? हिशेब निळ्या-काळ्या शाईने लिहिला होता, आणि ओव्या जिवाभावाच्या म्हणून मास्तरांनी त्या सुरेख, चमकदार निळ्या शाईने लिहिल्या होत्या. ती शाई दिसायला देखणी, पण पाण्यापुढे टिकणारी नव्हती. त्या दिवसापासून मला शाईपेनांचा नादच लागला. आज माझ्याजवळ पंधरा-वीस पेने आहेत आणि कोणत्या पेनात कोणती शाई भरावी याची मी एक वही ठेवतो. कुणी म्हणेल, हा रिकामपणाचा छंद आहे. पण हा विचार आपल्या भागात साडेतीनशे वर्षांपूर्वीच कुणीतरी करून ठेवला आहे, म्हणूनच आज हा विषय आपल्यापुढे मांडतो.

साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे, त्या समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. आपण त्याकडे सुंदर अक्षराचा उपदेश म्हणून पाहतो आणि शाळेच्या भिंतीवर त्यातल्या ओळी लावतो. पण तो समास सावकाश वाचून पाहा. त्यात कारागिराचे ज्ञान भरलेले आहे. निरनिराळ्या देशांचे बोरू आणावेत, ते घट्ट, बारीक आणि सरळ पाहून घ्यावेत, असे समर्थ सांगतात. शाईचा संग्रह करावा, हिंगूळ जवळ ठेवावा, असेही सांगतात. म्हणजे पाहा, लेखण्यांचा संग्रह करणे आणि त्यांच्याजोगी शाई बाळगणे याला समर्थांचीच संमती आहे!

त्याच समासात आणखी दोन मोलाच्या गोष्टी आहेत. तरुणपणी डोळे चांगले म्हणून फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. अक्षर मध्यम असावे. आणि पानाच्या चारी बाजूंनी मोकळी जागा सोडून मध्येच लिहावे, म्हणजे काळाने कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. हा माणूस आजच्या वाचकापुरते पाहत नव्हता. आपण लिहिलेले पुढच्या पिढीच्या हाती कसे पडेल, याची त्याला काळजी होती.

आता ही शाई कसली होती ते पाहू. जुन्या पोथ्या आणि दप्तरे बव्हंशी काजळीच्या शाईने लिहिलेली आहेत. तेलाच्या दिव्यावर काजळी धरायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती घालायची आणि पुष्कळ वेळ खलायची. काजळी म्हणजे शुद्ध कोळसाच. कोळशाला ऊन लागो, वारा लागो, त्याचा रंग उडत नाही. म्हणून तीनशे वर्षांची मोडी पत्रे आज उघडली तरी अक्षर काळेभोर दिसते. या शाईचा दोष एकच. काजळीला कागदाशी धरून ठेवतो तो डिंक, आणि डिंक पाण्यात सुटतो. म्हणून असा कागद ओला झाला आणि कुणी त्यावरून हात फिरवला की अक्षर फिसकटते.

या शाईचा जोडीदार म्हणजे बोरू. बोरूचे टोक तिरके छाटतात आणि मध्ये एक बारीक चीर देतात. तिरक्या छाटामुळे हात एका दिशेने गेला की रेघ जाड येते, दुसऱ्या दिशेने गेला की बारीक. आपल्या बाळबोध अक्षराचे सौंदर्य या जाड-बारीकपणात आहे. दाट शाई त्या रुंद टोकावर ठरते, भसकन खाली उतरत नाही. आणि या दोघांना तिसरा सोबती लागतो, तो घोटीव कागदाचा. हातकागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटला म्हणजे शाई आत झिरपून फुटत नाही. लेखणी, शाई आणि कागद असे हे तिघांचे कुटुंब होते. त्यातला एक बिघडला की अक्षर बिघडले.

दुसरी जुनी शाई हिरड्याची. महाबळेश्वर, जावळीच्या रानात हिरडा मुबलक आहे, हे सातारकरांना सांगायला नको. हिरडा उकळून त्याच्या तुरट पाण्यात हिराकस घातला की काळी शाई होते. युरोपात हिरड्याऐवजी माजूफळ वापरीत, पण तत्त्व तेच. ही शाई कागदाच्या धाग्यांत शिरते आणि हवा लागली की तिथेच काळी पडते. मग पाण्याने ती सहसा निघत नाही. मात्र तिच्या अंगी आंबटपणा असतो. हिराकस जास्त पडला तर वर्षानुवर्षांनी ती कागदालाच खाते. टिकाऊपणा आणि दाहकपणा एकाच दौतीत! म्हणून शाई करणाराचा हात मापाचा असावा लागे.

या कागदांचे मोल आपल्या भागातल्या दोन माणसांनी ओळखले, त्यांची नावे शिक्षकबंधूंनी वर्गात आवर्जून सांगावीत. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली मोडी पत्रे वाचली, लावली आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने एकामागून एक खंड काढले. १९२४ मध्ये ते वारले, तोवर हेच काम चालू होते. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जुने कागद, चित्रे आणि नकाशे जन्मभर जमवले आणि त्यांसाठी संग्रहालय उभारले. १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. एक शाळामास्तर आणि एक संग्राहक. पत्रे लिहिणाऱ्या कारकुनांनी शाई नीट खलली नसती, तर या दोघांच्या हाती कोरा कागदच आला असता.

पुढे इंग्रजी अमलात बोरूच्या जागी टाक आला. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबांचा पूर येऊ लागला. टाकाला पातळ शाई हवी, म्हणून काजळीची दाट शाई मागे पडली. पण प्रत्येक दोन शब्दांना टाक दौतीत बुडवावा लागे. ती अडचण दूर केली फाउंटनपेनाने, ज्याला आपल्या लोकांनी ‘झरणी’ असे गोड नाव दिले. अमेरिकेत वॉटरमन याने १८८४ मध्ये अशा पेनाचे पेटंट मिळवले. त्याची खुबी अशी. बाटलीत फक्त बारीक भोक पाडले तर शाई एक तर अडते, नाही तर एकदम सांडते, कारण बाहेर गेलेल्या शाईच्या जागी हवा आत यायला वाट नसते. वॉटरमनने निबाखालच्या जिभलीत बारीक खाचा पाडल्या. त्यांतून शाई थेंबाथेंबाने खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते.

या झरणीत आजोबांची काजळीची शाई घातली तर काय होईल? काजळीचे कण त्या बारीक खाचांत बसतील, डिंक वाळेल आणि पेन कायमचे मुके होईल. मी शाळकरी असताना चित्रकलेची काळी शाई पेनात भरून हा पराक्रम स्वतः केला आहे! हिराकसाच्या शाईचा आंबटपणा पोलादी निबाला गंज आणतो. जुन्या चांगल्या पेनांचे निब सोन्याचे असत, त्यामागे निव्वळ श्रीमंती नव्हती; सोन्याला ती शाई खात नाही, हे खरे कारण. सोने मऊ असल्यामुळे निबाच्या टोकाला कठीण धातूचा कण जोडीत.

झरणीला मानवणारी शाई रंगाची. १८५६ मध्ये पर्किन या तरुण इंग्रज रसायनज्ञाला डांबरातून निघणाऱ्या द्रव्यापासून जांभळा रंग सापडला, आणि पुढे असे कितीतरी रंग तयार झाले. ते पाण्यात पूर्ण विरघळतात, गाळ राहत नाही, म्हणून पेन तुंबत नाही. पण जे पाण्यात विरघळते ते पाण्याने धुऊनही जाते. ओव्यांची वही का गेली, ते आता आपल्या ध्यानात आले असेल. निळ्या-काळ्या शाईची जुनी रीत अशी की रंग आणि लोखंडाची शाई एकत्र करायची. लिहिताना निळी दिसते, मग काळी पडून कागदात मुरते. म्हणून दस्तऐवजाला आणि हिशेबाला ती पसंत केली जाई.

ही शाई आणि ही पेने परदेशातूनच का आणायची, असा प्रश्न स्वदेशीच्या काळात उभा राहिला. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये घोडा छापाची शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पुढे त्यांची उंट छापाची फाउंटनपेनची शाई आली आणि कॅमलिन हे नाव महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत पोचले. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम यांनी देशी पेन घडवले. ते गांधीजींना पोचल्यावर १९३५ मध्ये त्यांनी वर्ध्याहून आभाराचे पत्र पाठवले. एवढ्याशा लेखणीतही देशाचा स्वाभिमान मावत होता.

मग १९३८ मध्ये बिरो याने बॉलपेनाचे पेटंट घेतले, आणि काही वर्षांत दौत, टाक, झरणी सगळीच मागे पडली. बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट. ती गळत नाही, लवकर वाळते, पाण्याला बरीच दाद देत नाही. सोय झाली हे खरेच. पण बॉलपेन दाबून चालवावे लागते आणि त्याची रेघ सगळीकडे सारखीच जाड. शाईपेन हलक्या हाताने चालते, म्हणून लिहिताना बोटे अवघडत नाहीत आणि अक्षराला थोडा जिवंतपणा येतो.

आता माझ्या वहीतल्या चार गोष्टी सांगतो. जाड निबात अशी शाई भरावी की जी कुठे गडद, कुठे फिकी उमटते. एका अक्षरात दोन छटा पाहताना मोठी मौज वाटते. बारीक निबाला सहज वाहणारी शाई द्यावी, नाहीतर ते कागद ओरबाडते. ज्या पेनातून शाई जास्त उतरते त्यात जरा कोरडी शाई भरावी, म्हणजे दोघांचे पटते. एक शाई संपल्यावर दुसरी भरण्याआधी पेन साध्या थंड पाण्याने धुवावे, पाणी स्वच्छ निघेपर्यंत; दोन शाया एकत्र झाल्या तर गाळ धरण्याची भीती असते. निळी-काळी लोखंडी शाई पेनात वाळू देऊ नये. रविवारी सकाळी पेने धुऊन, पुसून, भरून ठेवावीत आणि प्रत्येकाने एकेक ओळ लिहून पाहावी. याला फार पैसा लागत नाही. दोन साधी पेने आणि दोन दौती एवढ्यावर छंद सुरू होतो.

आणि एक विनंती. आपल्या माळ्यावर, देव्हाऱ्यात, एखाद्या पेटीत जुने मोडी कागद असतील. त्यांवर पाणी पडू देऊ नका. फिकट झालेले अक्षर नव्या पेनाने गिरवू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. कागद भिजलेच तर पुसू नका, उन्हात टाकू नका; सावलीत, टीपकागदाच्या घड्यांत ठेवून हळूहळू वाळवा. आणि शिक्षकबंधूंनो, गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ओव्या, गाणी, हकिकती मुलांकरवी जरूर लिहून घ्या. पण कशाने लिहायचे ते आधी ठरवा. रोजच्या निबंधाला धुऊन जाणारी निळी शाई चालेल. जे पुन्हा कुणी सांगणार नाही, त्याला मुरणारी शाईच हवी.

आत्याच्या घरची ती हिशेबाची वही आता माझ्याकडे आहे. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर, आत्याला आठवल्या तेवढ्या अकरा ओव्या मी उतरवून घेतल्या आहेत. पेन मास्तरांचेच, तिच्याच ट्रंकेत सापडलेले. धुऊन काढल्यावर पहिल्या रेघेलाच चालू झाले. शाई अर्थातच निळी-काळी.