चुन्याची निवळी आणि प्रवाळाची टाकी

आज लढाई नाही, किल्लाही नाही. आज घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा इतिहास, आणि तिचं एक जुनाट दुखणं: पीएच खाली घसरणं.

१९०९ साल लक्षात ठेवा. त्या वर्षी कोपनहेगनमध्ये, कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत, सोरेनसेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पीएचची मोजपट्टी मांडली. त्याच वर्षी मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर समुद्री मत्स्यालय उघडलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण योग मजेशीर आहे. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१चं, तेही मरीन ड्राइव्हवर. समुद्र दाराशी असला की निम्मी काळजी मिटते. आम्हा बेंगळुरूकरांना मात्र पूर्वेला जा की पश्चिमेला, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर गाडी हाकावी लागते. इथे समुद्र मिठाच्या पुड्यातून बनवायचा. ही युक्तीही जुनीच. इंग्लंडमध्ये फिलिप गॉस यांनी १८५४ सालीच कृत्रिम समुद्रजल बनवलं होतं.

आता दुखणं समजून घेऊ. समुद्राचा पीएच साधारण ८.१. टाकीत तो ७.८ झाला तर "एवढ्याशा फरकाने काय होतंय" असं वाटतं. पण ही पट्टी दहाच्या पटीने चालते. ०.३ उतरला म्हणजे हायड्रोजन आयन दुप्पट झाले. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा. अशा पाण्यात तो रचणं त्याला जड जातं.

माझ्या एका निवृत्त स्नेह्यांच्या टाकीत पहाटे ७.७ भरायचा. पीएच वाढवणाऱ्या तीन बाटल्या संपल्या, प्रवाळ मात्र फिकटच होत होता. मी म्हटलं, टाकीतलं पेलाभर पाणी घ्या, पीएच मोजा, मग बाल्कनीत नेऊन छोट्या पंपाने तासभर बाहेरची हवा सोडा आणि पुन्हा मोजा. पीएच चढला! म्हणजे दोष पाण्यात नव्हता, खोलीच्या हवेत होता. धूळ आणि डास नकोत म्हणून खिडक्या बंद, आत चार माणसं आणि गॅसची शेगडी. कार्बन डायऑक्साइड साचतो, पाण्यात विरघळतो आणि आम्ल होतो. बंकरमध्ये थंडी कितीही असो, हवेची वाट बुजवायची नाही, हे आम्ही जवानांना दरवर्षी बजावायचो. इथे तेच प्रवाळाला लागू.

बाटलीतल्या औषधाने पाण्याची अल्कता वाढते, पण खोलीची हवा तीच राहिली तर पीएच पुन्हा खाली येतो. खायच्या सोड्याने तर तो सुरुवातीला किंचित उतरतोच. बाटल्या विकणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

खरा उतारा आपल्या शाळेतला आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग आठवतो ना? १७५०च्या दशकात स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी चुन्याच्या निवळीनेच हा वायू ओळखला. आपल्या श्वासातही तो असतो हे दाखवलं. पुढे १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी प्रवाळाच्या टाकीत हीच निवळी थेंबथेंब सोडण्याची पद्धत रूढ केली. जगभरचे शौकीन तिला आजही जर्मन नावाने, 'काल्कवासर' म्हणून ओळखतात. अर्थ एकच, चुन्याचं पाणी. ही निवळी कार्बन डायऑक्साइड पकडते आणि प्रवाळाला कॅल्शियमही देते.

मात्र जपून. निवळीचा स्वतःचा पीएच १२च्या वर असतो. डोळ्यांवर चष्मा हवा. दिवसभरात बाष्प होऊन जितकं पाणी उडतं तितकीच घालायची, शक्यतो रात्री, कारण अंधारात शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषत नाही आणि पीएच पहाटे तळ गाठतो. पानाच्या डबीतला चुना चालणार नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच घ्या.

आणखी एक. मालवणला गेलात तर प्रवाळ बघा, उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. शिवाय त्याच्यावर आधीच संकट आहे: औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ०.१ने उतरला आहे, म्हणजे हायड्रोजन आयन जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढले.

स्नेह्यांनी शेवटी निवळीही वापरली नाही. स्किमरची हवा ओढणारी नळी खिडकीच्या जाळीतून बाहेर काढली आणि संध्याकाळी दोन तास खिडक्या उघड्या ठेवू लागले. आठवड्याने पहाटेचा आकडा ८.० होता.