न केलेल्या खर्चाचं बिल कोणाचं?

आजचा भाग थोडा घरगुती आहे. गेल्या वर्षी माझ्या बाबांच्या डेबिट कार्डावरून परदेशातल्या कुठल्याशा साइटवर 9,200 रुपये गेले. ओटीपी आला नाही, त्यांनी कुणाला काही सांगितलंही नव्हतं. आला तो फक्त पैसे गेल्याचा मेसेज. ‘पोरगा इंजिनिअर आणि आपण फसलो’ या लाजेपोटी ते गप्प बसले. मला कळलं तोवर बँकेच्या कामकाजाचे पाच दिवस उलटले होते. त्या पाच दिवसांची किंमत सांगतोच, पण आधी जरा मागे जाऊ.

1958, अमेरिकेतलं फ्रेस्नो शहर. बँक ऑफ अमेरिकाने तिथे सुमारे 60 हजार क्रेडिट कार्डं लोकांना न विचारता पोस्टाने पाठवली. अर्ज नाही, काही नाही. पुढे इतर बँकांनीही हाच कित्ता गिरवला. कार्डं वाटेतच चोरीला जायची, आणि ज्याने कार्ड मागितलंच नाही त्याच्या नावावर बिल यायचं. मग ‘हा खर्च माझा नाही’ हे पटवत बसायचं त्यानेच.

1970 मध्ये तिथल्या संसदेने अशी कार्डं पाठवायला बंदी केली. क्रेडिट कार्डाच्या गैरवापरात ग्राहकावर जास्तीत जास्त 50 डॉलरचा भार, हेही ठरलं. 1974 च्या कायद्याने आणखी एक हक्क दिला: बिल पाठवल्यापासून 60 दिवसांत लेखी तक्रार करा, आणि चौकशी संपेपर्यंत वादातली रक्कम भरू नका. 1978 मध्ये डेबिट कार्डाची पाळी आली, पण तिथे कायद्याने घड्याळ लावलं. कार्ड हरवल्याचं कळल्यावर दोन कामाच्या दिवसांत सांगितलं तर 50 डॉलर, उशीर केला तर 500 पर्यंत.

आपल्याकडे 2009 पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची झाली. पण परदेशी साइटवर ओटीपीशिवायही पैसे जाऊ शकतात. मग 6 जुलै 2017 ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चूक ना तुमची ना बँकेची, तर तीन कामाच्या दिवसांत कळवलं की शून्य. चार ते सात दिवस लागले, तर साध्या बचत खात्यावर 10,000 रुपयांपर्यंत भार तुमचा. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. आणि सर्वांत मोठी गोष्ट: चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं बँकेने. फ्रेस्नोच्या बरोबर उलट!

आता बाबांचा हिशोब करा. पाचवा दिवस, मर्यादा 10,000, गेलेले 9,200. म्हणजे सगळेच गेले. तीन दिवसांत बोलले असते तर एक रुपयाही गेला नसता.

म्हणून असा मेसेज आला की आधी कार्ड ब्लॉक करा, बँकेत तक्रार नोंदवून नंबर घ्या, 1930 वर फोन करा. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही.

आणि आज घरी गेल्यावर आई-बाबांना एवढंच सांगा: पैसे गेले तर आम्ही रागावणार नाही, फक्त लगेच सांगा.

भेटू पुढच्या भागात!