वारान्न ते विद्यासिरी: धारवाडातील कॉलेजच्या खर्चाची कथा

हुबळी-धारवाडच्या मुलांना कॉलेजपर्यंत पोचण्यात फीइतकाच, किंबहुना जास्तच, जेवणाचा आणि मुक्कामाचा खर्च आड आला. १९१७ पर्यंत धारवाडात कॉलेजच नव्हते. जिल्हा मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाला. मॅट्रिक झालेल्या मुलाने पुण्याचे डेक्कन किंवा फर्ग्युसन कॉलेज गाठायचे, नाहीतर मुंबई. पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून इंग्रज सरकारने दक्षिणा फेलोशिप दिल्या खऱ्या, पण त्या पदवीधरांना. नुकत्याच घराबाहेर पडणाऱ्या मुलाला त्यांचा काय उपयोग?

गरीब ब्राह्मण मुले वार लावून, म्हणजे आठवड्याच्या ठरल्या दिवशी ठरल्या घरी, जेवत. धारवाडकडे त्यालाच वारान्न म्हणत. इतर जातींच्या मुलांना ही दारे उघडी नव्हती. म्हणून मदतीची पहिली संघटित सोय जातवार उभी राहिली. १८८३ मध्ये गिलगंची गुरुसिद्दप्पा आणि अरटाळ रुद्रगौडा यांनी धारवाडात लिंगायत शिक्षण फंड काढला. शिरसंगी-नवलगुंदचे जहागीरदार लिंगराज देसाई १९०६ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी आपली मालमत्ता लिंगायत मुलांच्या शिक्षणासाठी लिहून ठेवली होती. मृत्युपत्रावर कोर्टकज्जे झाले, तरी पुढे त्या ट्रस्टच्या शिष्यवृत्त्यांवर अनेक जण शिकले. धारवाडच्या मुरुघा मठात मृत्युंजय स्वामींनी विद्यार्थ्यांसाठी प्रसादनिलय हे मोफत वसतिगृह चालवले. मठाच्या पंगतीत जेवून वर्गात जाणारी मुले ही या शहराची जुनी ओळख आहे.

याच धारवाडात १८९० ते १८९४ या काळात इंग्रज अधिकारी फ्रेझर यांच्या देखरेखीखाली कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे शिक्षण झाले. कोल्हापुरात १९०१ पासून त्यांनी जातवार बोर्डिंगे उघडली आणि त्यांना संस्थानची मदत दिली. बोर्डिंगला राज्याने पैसा पुरवायचा, हा पायंडा त्यांनी पाडला.

१९१७ मध्ये सरकारी कर्नाटक कॉलेज सुरू झाले. सदर्न मराठा रेल्वेच्या मुख्य कचेरीची इमारत त्याला मिळाली. कॉलेज गावात आले, पण खेड्यातून येणाऱ्याच्या मुक्कामाचा प्रश्न तसाच राहिला. अस्पृश्य मुलांना तर खोलीही मिळत नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि मुंबई सरकारच्या अनुदानातून वसतिगृहे चालवायला घेतली. त्यांतले एक धारवाडचे. ते हायस्कूलच्या मुलांसाठी होते, तरी कॉलेजची वाट तिथूनच जात होती. केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये आली आणि या वर्गाला कॉलेजसाठी आधार मिळाला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि मदतीचे अर्ज मुंबईऐवजी बंगळूरला जाऊ लागले. तिकडे मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत १९५९ च्या सुमारास कमी उत्पन्नाच्या पालकांसाठी ईबीसी ही फीची सवलत आली. ती जातीवर नव्हे, उत्पन्नावर होती. राज्य बदललेल्या धारवाडला तिचा लाभ झाला नाही. कर्नाटकात देवराज अर्स यांच्या काळात हावनूर आयोगाने मागासवर्गीयांची जी मांडणी केली, तिच्यावर पुढची वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या आधारल्या. म्हणजे जुन्या फंडांतला जातीचा निकष सरकारी यादीतही आला. फक्त देणारा बदलला.

जेवणाच्या खर्चाचे उत्तर मात्र सरकारला उशिरा सापडले. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्याला विद्यासिरी योजनेतून वर्षाचे १० महिने दरमहा १,५०० रुपये मिळू लागले, तेही २०१३ नंतर. हुबळीत जन्मलेले बसवराज बोम्मई २०२१ मध्ये मुख्यमंत्री होताच त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी रयत विद्यानिधी जाहीर केला. त्यात पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५,०००, विद्यार्थिनीला ५,५०० रुपये ठरले. अर्ज आता राज्याच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलवर जातात. कर्नाटकाच्या मागासवर्गीयांच्या यादीत मराठा समाज ३ब प्रवर्गात आहे. त्यामुळे धारवाडच्या मराठा मुलाने महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचे ऐकून नव्हे, तर आपल्या तहसील कार्यालयातून जात आणि उत्पन्नाचा दाखला काढूनच अर्ज भरावा.