आटपाडी महाल : तहापासून विलीनीकरणापर्यंत
एका राज्याचा मुलूख शेजारच्या राज्याकडे तहाने, अदलाबदलीने, खरेदीने किंवा विलीननाम्याने जातो. सांगली जिल्ह्यातील आटपाडी हा माणदेशी मुलूख औंध संस्थानाचा महाल होता. त्याचे धनी बदलले ते मुख्यतः कागदावरच्या करारांनी.

या भागातला ठळक जुना करार म्हणजे 1731 चा वारणेचा तह. साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी या चुलतभावांनी वारणा नदी ही हद्द मानली; कोपळ व रत्नागिरी या किल्ल्यांची अदलाबदलही त्यात ठरली. आटपाडी वारणेच्या उत्तरेला, म्हणजे साताऱ्याच्या बाजूला राहिली.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने 25 सप्टेंबर 1819 रोजी छत्रपती प्रतापसिंहांशी तह करून साताऱ्याचे राज्य आखून दिले. औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे अशा जहागीरदारांशी 1820 मध्ये वेगळे करार झाले. चाकरी छत्रपतींची आणि हमी कंपनीची, असा तो दुहेरी बंदोबस्त होता. 1848 मध्ये दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केले, पण हमी असल्यामुळे औंध वाचले. खालसा हा तह नव्हे. त्यात दुसऱ्या पक्षाची सही लागत नाही.

औंध संस्थान सलग नव्हते. औंध, कुंडल, आटपाडी आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे ब्रिटिश तालुक्यांत आणि इतर संस्थानांत विखुरलेले होते. स्वातंत्र्यानंतर असा कारभार टिकणे अवघडच होते. दक्षिणी संस्थानांचा संघ उभारण्याचा प्रयत्न झाला, पण तो तग धरू शकला नाही. 8 मार्च 1948 रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढच्या वर्षी सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे भाग पडले. आटपाडी व कुंडल दक्षिण साताऱ्यात, म्हणजे 1960 पासूनच्या सांगली जिल्ह्यात आले. औंध गाव साताऱ्यातच राहिले, आणि गुणदाळ आज कर्नाटकात आहे.

जगात मुलूख रोकडीने विकत घेतल्याचे दाखले आहेत. अमेरिकेने 1803 मध्ये फ्रान्सकडून लुइझियाना दीड कोटी डॉलरला आणि 1867 मध्ये रशियाकडून अलास्का 72 लाख डॉलरला घेतले. आपल्याकडे 1846 च्या अमृतसरच्या तहाने गुलाबसिंगाने 75 लाख रुपये मोजून काश्मीर मिळवले. संस्थानांच्या विलीनीकरणात अशी किंमत ठरली नव्हती. राजांना दरसाल तनखा मिळे आणि त्याला घटनेची हमी होती. या विलीनीकरणाला खरेदी म्हणणे ताणल्यासारखे होईल. 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे बंदच झाले.

मुलुखाबरोबर त्यावरच्या संस्थाही नव्या सरकारकडे जातात. 1939 मध्ये औंधने प्रजेला जबाबदार राज्यपद्धती दिली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंतीविना वसाहत सुरू झाली. कैदी तिथे शेती करीत आणि कुटुंबासह राहत. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) या चित्रपटामागची प्रेरणा हीच. विलीनीकरणाने वसाहत मुंबई सरकारकडे आली; पुढे ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने खुली वसाहत म्हणून चालवली.