तीन दरवाजा आणि लेकीचा वाटा

अहमदाबादच्या भद्र किल्ल्याकडून माणेक चौकाकडे निघालं की वाटेत दगडी कमानी लागतात. मधली 17 फूट रुंद, बाजूच्या दोन 13-13 फूट. सुलतान अहमदशहाने 1411 मध्ये शहर वसवलं, त्यानंतर काही वर्षांतच हा ‘तीन दरवाजा’ उभा राहिला. तेव्हा इथून किल्ल्यापर्यंत शाही मैदान होतं. आता कुर्ते, चपला, मोबाइलची कव्हरं आणि रिक्षांचे हॉर्न. नोकरीनिमित्त मी या शहरात दीड वर्ष होतो, रविवारची खरेदी इथेच.

लोक तुम्हाला इथला दिवा दाखवतात. शहर सोडून निघालेल्या लक्ष्मीला कोतवालाने थांबवलं, ‘मी परत येईपर्यंत जाऊ नका’ म्हणाला आणि स्वतःचा जीव देऊन कधीच परतला नाही, अशी आख्यायिका. तिच्यासाठीचा तो दिवा एक मुस्लिम कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तेवत ठेवतं.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो इथला देवनागरी शिलालेख. 1758 ते 1817 अहमदाबाद मराठ्यांकडे होतं. पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेलं. 1812 मध्ये मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी हा हुकूम लावला. मजकूर थोडक्यात असा: मुलीला वडिलांच्या मिळकतीतला तिचा वाटा विनाहरकत द्यावा, ही विश्वनाथाची आज्ञा. मोडेल तो हिंदू असेल तर महादेवाला जाब देईल, मुसलमान असेल तर अल्लाला किंवा रसूलला.

एकच नियम, दोन लॉगिन! यावरून कुणी ‘200 वर्षांपूर्वीचा समान हक्क’ म्हणतं, ते मला ताणलेलं वाटतं. दगड ‘समान’ म्हणत नाही, ‘तिचा’ म्हणतो. शरियतमध्ये मुलीचा वाटा ठरलेलाच होता, मुलाच्या निम्मा. हिंदूंमध्ये मुलगे असताना लेकीला काही देण्याची रूढीच नव्हती. तरी दोघांनाही धमकी द्यावी लागली, म्हणजे कागदावर हक्क असलेल्या लेकीलाही तो हातात मिळत नसावा. आणि शिक्षा? दंड नाही, कैद नाही. सगळं देवावर सोडलेलं.

आपल्याकडे महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. ती अट 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने गेली. माझ्या आत्याचं लग्न 1991 चं. म्हणजे ती एका कायद्यातून सुटली, दुसऱ्यात बसली. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं आणि दोन वर्षांत हक्कसोडपत्राने निघालंही. भावाशी वाईटपणा कोण घेणार? साडी मिळाली, माहेर राहिलं.

शिलालेखाची ही गोष्ट मी घरच्या ग्रुपवर टाकली. काकांनी अंगठा दिला. आत्याने वेगळा मेसेज केला, “हक्कसोडीचं काही लिहिलंय का रे त्यात?”

नाही लिहिलेलं.