चेटीचंडचं ताट आणि 'पाकिस्तानी' चव

आयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे: सणाच्या जेवणात पाकिस्तानी चव. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला चुलीपुढे का बसवताय, असं मी त्यांना विचारलं नाही. कारण या विषयातला एक शब्दच आमच्या धंद्यातला आहे. एखाद्या चवीला 'पाकिस्तानी' म्हणायचं म्हणजे नेमकं काय म्हणायचं?

पाकिस्तान ऑगस्ट १९४७ मध्ये जन्माला आला. निहारी त्याच्या कितीतरी आधीची. ती जुन्या दिल्लीतून निर्वासितांबरोबर कराचीला गेली आणि आज जगभर पाकिस्तानी पदार्थ म्हणून ओळखली जाते. शीरखुर्मा तर आपण पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात ईदला शेजाऱ्याकडे खातो, त्याला कुणी परदेशी म्हणत नाही. पंजाब, पेशावर, बलुचिस्तान यांवर मी आज बोलणार नाही. आपल्या सगळ्यात जवळची म्हणजे सिंधी चव, तेवढीच घेऊ. जवळची अशासाठी, की सिंध हा आपल्याच इलाख्याचा भाग होता.

इंग्रजांनी सिंध १८४३ मध्ये घेतला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. १ एप्रिल १९३६ ला तो वेगळा प्रांत झाला. म्हणजे एकोणनव्वद वर्षं कराचीचा कारभार मुंबईहून चालला. कारकून, शिक्षक, इंजिनियर इकडून तिकडे जात. कराचीतली १८५५ ची सरकारी शाळा आजही एन. जे. व्ही. म्हणून ओळखली जाते. ही अक्षरं नारायण जगन्नाथ वैद्य यांची. नावावरून तुम्ही ओळखलंच असेल, माणूस आपल्याकडचा.

आता मुळशीकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण या दोन घटना सहसा एकत्र सांगितल्या जात नाहीत. १९२१ मध्ये इथे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्यात पुढे होते, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता जॉर्ज लॉइड. त्याच लॉइडच्या कारकिर्दीत सिंधू नदीवर सक्कर इथे मोठा बंधारा बांधायचं ठरलं. तो १९३२ मध्ये पुरा झाला आणि त्याला नावही लॉइडचंच दिलं गेलं. एकाच सरकारच्या काळात इकडे मुळशीची भातखाचरं पाण्याखाली गेली आणि तिकडे सिंधच्या कोरड्या जमिनीत पाणी खेळलं. इथे आंबेमोहोर बुडाला, तिथे गहू आणि कापूस वाढला. जेवणाचा इतिहास लिहायचा तर मी तो पाटबंधारे खात्याच्या कागदांपासून सुरू करीन, राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यापासून नाही.

फाळणीनंतर, विशेषतः जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाल्यावर, सिंधी हिंदू लाखोंच्या संख्येने निघाले. पुष्कळजण बोटीने मुंबईला उतरले. पंजाबची फाळणी झाली, बंगालची झाली, तशी सिंधची झाली नाही. अख्खा प्रांत तिकडे गेला. पंजाबी माणसाला अर्धा पंजाब तरी इकडे होता. सिंध्याला इकडे एक जिल्हाही नव्हता. सरकारने त्यांना ठेवलं ते रिकाम्या लष्करी छावण्यांत. कल्याणच्या छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धकाळात पोलंडचे निर्वासित राहत होते, ते गेल्यावर तिथे सिंधी आले आणि गांधीनगर उभं राहिलं. पिंपरीचा कॅम्प तर आपल्या हिंजवडीपासून हाकेच्या अंतरावर. साधू वासवानीही हैदराबाद-सिंध सोडून पुण्यातच स्थिरावले आणि १९६६ मध्ये इथेच गेले.

ही माणसं घर, शेत, दुकान, नदी सगळं मागे टाकून आली. बरोबर काय आणता येतं? हातातलं कसब, आणि जिभेवरची आठवण. मुळशीत हे समजावून सांगावं लागत नाही. ज्यांची गावं पाण्याखाली गेली, त्यांच्या घरातही काही पदार्थ अजून 'आपल्या जुन्या गावचे' म्हणूनच वाढले जातात.

सिंध्यांचं नवं वर्ष चेटीचंड. चैत्राची चंद्रकोर दिसते तो दिवस, म्हणजे आपल्या पाडव्याला लागूनच, बहुधा दुसऱ्या दिवशी. झुलेलालचा जन्मदिवस. त्या दिवशी ताहिरी करतात: लांब दाण्याचा तांदूळ, साखर किंवा गूळ, केशर, बडीशेप, वेलची, तुपात परतलेला सुका मेवा. आपल्या नारळीभाताची बहीण म्हणा, फक्त नारळाच्या जागी बडीशेप बोलते. इथे एक सावधगिरीची सूचना. आंबेमोहोर वापरू नका. त्याचा वास कितीही सुंदर असला तरी तो चिकट शिजतो आणि ताहिरीचा दाणा मोकळा लागतो. आंबेमोहोर राखून ठेवा कढीसाठी.

कढी म्हणजे सिंधी कढी. ताक घालू नका, तिच्यात ताक नसतं! तेलात मेथीदाणे, जिरं, हिंग, कढीपत्ता, मग बेसन. ते मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचं. सगळी चव या भाजण्यात आहे, इथे घाई केली तर पिठलं होतं. मग पाणी, हळद, तिखट, आणि शेवग्याच्या शेंगा, गवार, बटाटा. भेंडी वेगळी तळून शेवटी. चिंचेचा कोळही भाज्या शिजल्यावरच, कारण आंबटात भाजी लवकर मऊ होत नाही. दुसरी साई भाजी: पालक, आंबट चुका, शेपू, हरभऱ्याची डाळ, वांगं, टोमॅटो, सगळं एकत्र शिजवून घोटायचं. आपल्याकडे चुक्याची पातळ भाजी डाळ-दाणे घालून करतातच. मंडईतली जुडी तीच, भांडं फक्त शेजारचं.

ताटात एक गोष्ट मात्र येत नाही. पल्लो. सिंधूतला हा मासा समुद्रातून नदीत वर चढतो, आणि झुलेलालच्या चित्रात त्याच्याच पाठीवर देव बसलेला असतो. इकडे सिंधू नाही. आणि तिकडेही १९५५ मध्ये कोटरीला बंधारा झाल्यावर पल्ल्याची वर चढायची वाट अडली. म्हणजे निर्वासित परत गेला असता, तरी त्याला त्याचा पल्लो पूर्वीसारखा मिळाला नसता.

मग पिंपरीत पल्ल्याशिवाय शिजलेलं हे जेवण सिंधीच म्हणायचं का? मिलिंदप्रश्नात भिक्खू नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाकं का, आस का, जू का? यातलं एकेक म्हणजे रथ नव्हे, आणि रथ हे व्यवहारासाठी दिलेलं नाव आहे. या मिलिंदाची राजधानी सागल, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आजचं सियालकोट. पाकिस्तानातलं! पण मला नागसेनाचं उत्तर इथे पुरत नाही. नाव नुसतं सोयीचं असतं तर ते काढायला सांगितल्यावर माणसाला दुखलं नसतं.

आणि काढायला सांगितलं जातं. हैदराबादची कराची बेकरी १९५३ मध्ये खानचंद रामनानी या सिंधी निर्वासिताने सुरू केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर बंगळुरूच्या शाखेला पाटीवरचं 'कराची' झाकावं लागलं. नोव्हेंबर २०२० मध्ये वांद्र्याच्या कराची स्वीट्सवर तीच वेळ आली. ज्याला कराचीतून हाकललं, त्यालाच कराचीचा पक्षपाती ठरवायचं, हा मला साधा तर्कदोष वाटतो, आणि त्याहून अधिक म्हणजे निष्ठुरपणा. 'कोल्हापुरी' पाटी लावून पुण्यात खाणावळ चालवणाऱ्याला आपण विचारतो का, तू कुणाच्या बाजूचा?

सिंधी भाषा १९६७ मध्ये आठव्या परिशिष्टात आली, पण तिला राज्य नाही, आणि इकडच्या नव्या पिढीतले फार थोडे तिची जुनी लिपी वाचतात. भाषा हातची जात असताना ताटाने जास्त ओझं उचललंय. म्हणून त्या ताटाचं नाव काय, हा प्रश्न मी हलका मानत नाही.

आता उलटी बाजू. १९४७ नंतर काही मराठी कुटुंबं कराचीतच राहिली. क्लिफ्टनच्या समुद्राकाठी रत्नेश्वर महादेवाचं मंदिर आहे, तिथे ती गणपती बसवतात आणि अरबी समुद्रात विसर्जन करतात. समुद्र तोच, आपण दादरला करतो तो. त्यांच्या घरी नैवेद्याला मोदक होतात, तेव्हा काटेकोर बोलायचं तर तो पाकिस्तानी पदार्थ होतो. मोदकाला यातलं काही कळत नाही. सारणात गूळ जास्त झाला की तो तिथेही फुटतो.

प्रश्न असतील तर विचारा. ताहिरीचं प्रमाण मात्र मला विचारू नका, ते घरी मी ठरवत नाही.