पहिली म्हणजे कुणात पहिली?

नट्यांचा इतिहास वाचला की हारतुरे सापडतात, राबणारी बाई सापडत नाही. मी गिरणीतला माणूस. मला आधी हाच सवाल पडतो : ही बाई कामाला कधी लागली, आणि का लागली?

भारतीय सिनेमाच्या पडद्यावर पहिल्या बायका आल्या त्या मायलेकी. आई दुर्गाबाई कामत, लेक कमला. पुढची कमलाबाई गोखले. कमलेचा जन्म १९०० चा. दुर्गाबाई ब्राह्मण घरातली, नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात लेकरू. अशा बाईला तेव्हा दारं किती? लोकांची भांडी, नाहीतर कोठा. ती फिरत्या नाटक कंपनीत शिरली. जातीनं वाळीत टाकलं. वाळीत टाकणं म्हंजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पण बघा, ज्यांनी आपल्याला वेशीबाहेर ठेवलं त्यांनी स्वतःच्या घरातली बाईही भाकरी कमावते म्हणून बाहेर काढली.

पोर कंपनीतच वाढली. चार-पाच वर्षांची असताना तोंडाला रंग लागला. आपल्या भाषेत सांगायचं तर तिची पाळी तेव्हाच सुरू झाली.

त्या काळात नाटकात बाईचं काम बाप्याच करायचा. आमच्या चिपळूणकडं नमन-खेळ्यांत राधाही पिढ्यान्‌पिढ्या बाप्याच झाला, आणि खऱ्या बायका लांबून बघत राहिल्या. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तो १९१३ च्या मे महिन्यात मुंबईत लागला. तारामतीसाठी त्यांनी कोठ्यांपर्यंत शोध घेतला, एक बाई मिळाली नाय. शेवटी खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके तारामती झाला. त्याच साली फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात दुर्गाबाई पार्वती, कमला मोहिनी. वय वर्षं तेरा. चित्र मुकं. नाटकात कमावलेला गळा तिथं कामाचा नव्हता, कामाला आले ते हात, पाय, डोळे.

दार उघडलं असं म्हणाल तर थांबा. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये सीता कोण? पुन्हा अण्णा साळुंके. आणि रामही तोच!

आता माझा मुद्दा. कमलाबाई पडद्यावर यायच्या आधीच पवळाबाई तमाशाच्या फडात उभी होती. जन्म १८७० चा, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथला, महाराच्या घरातला. पठ्ठे बापूरावांच्या फडात तिनं मुंबई गाजवली. तमाशातली पहिली स्त्री कलावंत म्हणून तिचं नाव घेतात. पण मराठी रंगभूमीवर बायका नव्हत्या असं लिहिताना ती कुणाच्या ध्यानात येत नाही. ती रंगभूमीत मोजलीच जात नाही. नाचली, गायली, सवाल-जवाब केले, तरी ती नटी नव्हे, नाची. म्हणून विचारतो, पहिली म्हणजे कुणात पहिली?

यात कमलाबाईचा मान मला कमी करायचा नाय. नवरा लवकर गेला, तीन मुलगे पदरात. ही बाई रंगभूमीवर पुरुषाची कामंसुद्धा करून जगली. बाप्ये साडी नेसून नाव कमवत होते, हिनं पुरुषाचा वेष घालून पोरं वाढवली. पुढं बोलपटांत कामं केली. १९८० च्या ‘गहराई’पर्यंत ती पडद्यावर दिसते. म्हंजे चार-पाच वर्षांच्या वयापासून ऐंशीपर्यंत काम. तिचा मुलगा चंद्रकांत आणि नातू विक्रम नट झाले, म्हणून तिचं नाव सांगायला घर उरलं. पुढं रीना मोहन यांनी तिच्यावर माहितीपटही केला.

पवळाबाई १९३९ साली गेली. तिच्या मागं फडात उभ्या राहिलेल्या किती बायांची वर्षं कुणी लिहून ठेवली? तुमच्या वस्तीत अशी एखादी म्हातारी अजून असंल. तिच्याजवळ बसा. कितव्या वर्षी चाळ बांधले, कुठल्या फडात, किती बिदागी मिळाली, ते विचारा आणि लिहून काढा. आपण नाय लिहिलं तर पुढच्या यादीतही तिचा नंबर लागणार नाय.